मारुती ८०० चं इंजिन ठोकतंय? क्रँक उघडायच्या आधी करंट बघा

आमच्याकडे बाबांनी घेतलेली १९९४ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, सीबी पॉइंटवाली, आणि ती विकायची नाही असा घरात ठराव झालेला आहे त्यामुळे तो विषय सोडा. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रत्नागिरीहून येताना आंबा घाटात गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप गेला, आणि वर चढेपर्यंत खालून टक टक टक असा आवाजपण सुरू झाला. कोल्हापुरात पोचल्यावर एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "क्रँक गेलाय, हाफ इंजिन टाका." क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरण्यात बदलणारा इंजिनच्या तळातला दांडा, आणि हाफ इंजिन म्हणजे क्रँक-पिस्टनसकट दुसरा ब्लॉक. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं.

नंतर कळलं की गाडीला दोन वेगवेगळे आजार होते. मिसिंग होतं डिस्ट्रिब्युटरच्या (कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणारा भाग) कॅपमुळे आणि टकटक होती दोन नंबरच्या रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) बेअरिंगमुळे, आणि क्रँक "गेला" वगैरे नव्हता, एक साइझ ग्राइंडिंगवर, म्हणजे थोडा घासून गोल करण्यावर, काम झालं. पण हे कळायला मला दीड महिना, तीन मेस्त्री आणि भरपूर मनस्ताप लागला. तुम्हाला तेवढं लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, स्वस्त आणि वरचं आधी, महाग आणि खालचं नंतर.

१. आधी आपली गाडी कुठली ते बघा

हा लेख एफ८बी इंजिनवाल्या जुन्या ८०० साठी आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. ८०० चं उत्पादन डिसेंबर १९८३ ला सुरू झालं आणि जानेवारी २०१४ ला बंद झालं, त्यामुळे मधे बरेच बदल झालेत. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आत बघा, दोन टोकं उघडझाप करणारा पॉइंट दिसला तर सीबी पॉइंट, आणि नुसता दातेरी रोटर आणि पिकअप दिसला तर इलेक्ट्रॉनिक. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन) असेल तर इग्निशनचा भाग तुमच्यासाठी वेगळा, क्रँकचा भाग मात्र बराचसा तोच.

२. सामान आणि कागद

घरी करायच्या कामाला एवढं पुरतं: पान्यांचा सेट, २१ नंबरचा प्लग पाना, फिलर गेज, मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, एक जास्तीचा चालू प्लग, पॉलिश पेपर, जॅक आणि दोन मजबूत स्टँड. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, विटांवर तर अजिबात नाही. इंजिन उघडायचं असेल तर टॉर्क रेंच लागेलच, आणि मायक्रोमीटर ज्याच्याकडे आहे असा लेथवाला ओळखीचा पाहिजे.

तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि त्यातलं टॉर्क आणि क्लिअरन्सचं पान झेरॉक्स काढून भिंतीला चिकटवा. कुणी तोंडी आकडा सांगितला तर ऐकून घ्या, पण घट्ट करताना भिंतीकडे बघून करा.

कागदांत आरसी, गॅरेजकडून लेखी एस्टिमेट, आणि प्रत्येक पार्टचं बिल. आरसी कशाला म्हणाल, तर हाफ इंजिन टाकलं की ब्लॉक बदलतो आणि ब्लॉकवर इंजिन नंबर असतो. तो नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या पासिंगला किंवा इन्शुरन्सच्या क्लेमला अडकता. जुनी गाडी आहे, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आहेच. आणि भंगारातून आणलेल्या ब्लॉकमागे कुणाची कुठली गाडी आहे देव जाणे. हाफ इंजिन टाका म्हणणारा ही गोष्ट सहसा सांगत नाही, मलापण सांगितली नव्हती.

३. प्लग काढा आणि वाचा

इंजिन गार असताना तिन्ही प्लग काढा आणि कुठला कुठून काढला त्याच क्रमाने कागदावर ठेवा. वायरींना चिकटपट्टी लावून नंबर टाका. टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबर, गिअरबॉक्सच्या बाजूचा तीन.

टोक फिकट बिस्किटी रंगाचं असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा करंट कमी. तेलकट ओला असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघायला लागतील. पांढराफटक आणि फोड आल्यासारखा म्हणजे मिक्श्चर पातळ किंवा सिलिंडर जास्त तापतंय. तीनपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता, तिन्ही सारखेच काळे तर कार्बोरेटर किंवा कॉइलकडे वळा. माझ्यात तीन नंबरचा काळा आणि पेट्रोलने ओला होता, बाकी दोन ठीक, म्हणजे तिथे पेट्रोल जात होतं पण पेटत नव्हतं.

गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. बसवताना आधी हाताने फिरवून पूर्ण आत जाऊ द्या, मगच पाना लावा, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि वाकडा लावून पाना ओढलात की आटे गेलेच. नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्याच्या आतच.

४. करंट बघायची पद्धत

वायर हातात धरून "करंट आला का बघ" म्हणणारे मेस्त्री मी पाहिलेत, तुम्ही ते करू नका. कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्ट निघतात. ज्याला पेसमेकर आहे त्याने या कामाच्या जवळपण उभं राहू नये.

जास्तीचा प्लग वायरमध्ये घाला, त्याची धातूची बॉडी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवून जम्पर वायरने बांधा, आसपास पेट्रोलचा वास नाही ना बघा, आणि मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, चटचट आवाज करणारा स्पार्क पाहिजे. पिवळट, मरतुकडा आला तर कुठेतरी गळती आहे. वायर अधांतरी सोडून सेल्फ मारायचा नाही, इलेक्ट्रॉनिकवाल्यात तर त्याने मॉड्यूल उडू शकतं.

तिन्हीत स्पार्क नाही तर मागे मागे जा. कॉइलच्या मधल्या वायरला स्पार्क आहे का? तिथे आहे आणि प्लगला नाही, म्हणजे कॅप किंवा रोटर. तिथेच नाही, तर टेस्ट लॅम्पने कॉइलच्या प्लस टोकाला इग्निशन ऑन केल्यावर करंट येतो का बघा. येत असेल तर मायनस टोकाला लॅम्प लावून सेल्फ मारा, लॅम्प लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नाही म्हणजे पॉइंट उघडझाप करत नाहीये. एवढ्या तीन तपासण्यांत बहुतेक भानगडी सापडतात.

या कॉइलला कामपण किती आहे बघा. फोर स्ट्रोक इंजिन, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ३००० आरपीएमला तीन सिलिंडर मिळून मिनिटाला ४५०० स्पार्क, सेकंदाला ७५. जराशी तडा गेलेली कॅप गावात चालून जाते आणि घाटात लोडवर दगा देते ती यामुळेच, लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, प्लगच्या गॅपमधून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मग करंट सोपा रस्ता शोधतो.

५. कॅप, रोटर, पॉइंट

कॅप काढून उन्हात तिरकी धरा. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती घाण नाही, तो करंटने जाळून केलेला रस्ता आहे. पुसून जात नाही, कॅप बदला. माझ्या कॅपला तीन नंबरच्या टोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर होती, कोरड्यात काही नाही, ओल लागली की तीन नंबर गायब. आपल्याकडे जुलैमध्ये सकाळी गाडी चालू होत नाही आणि दुपारी ऊन पडल्यावर होते, त्या सगळ्यांनी आधी कॅप बघावी. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर गळणारा करंट निळा निळा दिसतो. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवा, पंखा इलेक्ट्रिक आहे आणि मनात येईल तेव्हा फिरतो.

प्लग वायरी मल्टिमीटरने मोजा. तिन्ही काही हजार ओहमच्या घरात, लांबीप्रमाणे कमीजास्त. एखादी काहीच दाखवत नसेल तर आतून तुटली.

पॉइंटचं गॅप ०.४ ते ०.५ मिमी. ते मोजायचं कधी, तर पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर टोकावर असताना, इंजिन हाताने फिरवून तिथे आणा. टोकं काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपर मारून, नंतर कोऱ्या कागदाने पुसून घ्या, तेल लागता कामा नये. नवे पॉइंट आठवड्यात परत जळले तर कंडेन्सर बदला, लोक चारचार पॉइंट बदलतात आणि त्या डबीकडे बघतच नाहीत.

आणि एक, पॉइंटचं गॅप बदललं की टायमिंग बदलतं. गॅप वाढवलं तर स्पार्क लवकर, कमी केलं तर उशिरा. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, उलटं केलं तर दोनदा काम.

६. टायमिंग

एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, आणि इंजिन पुलीच्या बोल्टवर पाना लावून चालायच्या दिशेने सावकाश फिरवा. अंगठा बाहेर ढकलला जायला लागला की कॉम्प्रेशन स्ट्रोक. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेली टायमिंगची खूण जुळवा, रोटर एक नंबरच्या वायरीकडे तोंड करून पाहिजे. रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते बघून ठेवा आणि त्याच दिशेने वायरी १-३-२ या क्रमाने लावा. तीनच तर वायरी आहेत, काय चुकणार, असं मलापण वाटलं होतं, मग दोन आणि तीनची अदलाबदल करून कार्बोरेटरमधून असा बार काढला की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

सीबी पॉइंटला नुसत्या लॅम्पनेपण टायमिंग लागतं. लॅम्प पॉइंटच्या टोकाला आणि बॉडीला लावा, इग्निशन ऑन, डिस्ट्रिब्युटर ढिला करून हळू फिरवा, पॉइंट ज्या क्षणी उघडतो त्या क्षणी लॅम्प लागतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या डिग्रीच्या खुणेवर तो लागला पाहिजे. टायमिंग लाइट असेल तर आणखी बरं, तेव्हा इंजिन गरम, आयडल बरोबर, आणि मॅन्युअलने सांगितलं असेल तर व्हॅक्युमची नळी काढून बंद केलेली.

टायमिंग लाइटमध्ये खूण एका जागी थांबत नसेल, मागेपुढे नाचत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवून बघा आणि मग क्रँकच्या पुलीचा बोल्ट आणि चावी बघा. हा सापळा मोठा आहे. पुली ढिली झाली, चावीची खाच झिजली, की खालून थेट बेअरिंगसारखी टकटक येते. क्रँक "गेला" म्हणून इंजिन उतरवलं आणि पुलीचा बोल्ट निघाला, अशी गोष्ट मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलीय.

७. आता कान लावा

इग्निशन सरळ झाल्यावरच आवाज ऐकायचा. मिसिंग मारणारं तीन सिलिंडरचं इंजिन इतकं थरथरतं की त्यात कुठला आवाज कशाचा हे ब्रह्मदेवालापण कळणार नाही. माझी कॅप बदलल्यावर घाटातला पिकअप परत आला, मी पेढे वाटायच्या बेतात होतो, पण गरम झाल्यावर टकटक राहिलीच.

लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनला, मूठ कानाच्या हाडाला. वरून, टॅपेटच्या झाकणाजवळ, हलका आणि इंजिनच्या निम्म्या वेगाने येणारा टिकटिक आवाज टॅपेटचा, त्याने घाबरायचं नाही, गॅप सेट करा. गार असताना जास्त आणि तापल्यावर कमी होणारा आवाज बहुतेक पिस्टनचा. चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येणारा, बरणीत गोट्या हलवल्यासारखा खडखडाट म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स झालंय, सहावा मुद्दा परत करा. रॉडच्या बेअरिंगचा आवाज टणक, ठोक्यासारखा, तापल्यावर वाढणारा, रेस करून पाय सोडला की त्या क्षणी ठळक ऐकू येणारा. मेन बेअरिंगचा खोल, जड, लोडवर धडधडल्यासारखा, तो कानापेक्षा सीटला जास्त जाणवतो.

आणि इथे ते सगळ्यात कामाचं, जे मला उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या लेथवाल्या मामांनी शिकवलं. इंजिन बंद करा, एका सिलिंडरची वायर काढून तिच्यात जास्तीचा प्लग घालून बॉडीला बांधा, चौथ्या मुद्द्यासारखाच, आणि इंजिन चालू करा. आता तो सिलिंडर पेटत नाहीये म्हणजे त्या रॉडवर दणका बसत नाहीये. टकटक गायब झाली किंवा अगदी बारीक झाली तर तोच रॉड. नाही झाली तर बंद करा, पुढची वायर. तिन्ही करून काहीच फरक पडत नसेल तर मेन बेअरिंग, पुली, फ्लायव्हील यांच्याकडे संशय न्या. माझी टकटक दोन नंबर बंद केल्यावर एकदम बसली. पंधरा मिनिटांचं काम, एक पैसा नाही, आणि मिसिंग मारत होता तीन नंबर, ठोकत होता दोन नंबर, हे तिथल्या तिथे वेगळं झालं. प्रत्येक वेळी अर्धा-एक मिनिटच चालवा, जळलेलं नसलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठवायचं नाही.

८. ऑइल काय सांगतंय

गरम इंजिन, आयडलवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय का? लगेच निष्कर्ष काढू नका, आधी लेव्हल बघा, मग ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजून घ्या. जुना ठोकताळा असा की दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय. प्रेशर चांगलं असूनही दिवा लागत असेल तर स्विच खराब. प्रेशर खरंच कमी असेल तर बेअरिंग ढिलं, पंप झिजलेला किंवा चेंबरमधली (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) जाळी तुंबलेली.

ऑइल काढताना स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि उन्हात बघा. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चमकणारी बारीक पावडर थोडी असतेच, पण नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले, आणि ते चुंबकाला चिकटत नाहीत, तर ते बेअरिंगचं मेटल. चिकटले तर पोलाद, म्हणजे रिंग, गिअर असं काहीतरी.

टकटक नक्की झाल्यावर गाडी चालवायची नाही. "गावातल्या गावात" पण नाही. आज बेअरिंग बदलून भागतंय ते उद्या रॉड ब्लॉक फोडून बाहेर येण्यावर जातं, आणि मग हाफ इंजिन टाका म्हणणारा बरोबर ठरतो.

९. चेंबर उतरवून रॉड बघणं

नुसता रॉड बघायला पूर्ण इंजिन उतरवायची गरज नसते. बॅटरीची मायनस काढा, ऑइल काढा, आडवे येणारे पाइप आणि कव्हर सोडवा, चेंबर खाली घ्या. रॉड धरून वरखाली हलवा, हाताला खट्ट असं जाणवायला नको. बाजूला थोडा हलणारच, ते चालतं.

रॉडची कॅप (बेअरिंगभोवतीचा खालचा अर्धा भाग) काढायच्या आधी प्रत्येक रॉडवर आणि तिच्या कॅपवर स्वतःच्या खुणा करा, आणि मोबाइलने फोटो काढा. एका रॉडची कॅप दुसऱ्याला चालत नाही, उलटीपण चालत नाही. बोल्टच्या आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर पिनवर (क्रँकचा रॉड बसतो तो गोल भाग) चरा पडतो आणि चांगला क्रँक तुम्हीच खराब करता.

बेअरिंग एकसारखं करडं पाहिजे. खोल रेघा, मेटल उखडलेलं, काळंनिळं पडलेलं, किंवा वरचा थर जाऊन खालचा तांबूस थर उघडा पडलेला, यातलं काहीही दिसलं तर बदलायचंच. पण नुसतं बेअरिंग बदलून कॅप परत लावणं म्हणजे झिजलेल्या पायावर नवीन चप्पल. पिनवर नख आडवं फिरवा, रेघेत नख अडकलं किंवा पिन ओव्हल झालेली असली तर नवं बेअरिंग काही महिन्यांतच परत बोलायला लागतं. माझ्या पिनला नख अडकत होतं, म्हणजे इंजिन उतरवायचं.

१०. क्रँक काढून मोजणं

इंजिन उतरवायला मी मेस्त्री लावला, साखळी-कप्पी माझ्याकडे नाही आणि पाठही एकच आहे. टायमिंग बेल्ट काढायच्या आधी खुणांचे फोटो घ्या, बेल्ट निघाल्यावर क्रँक उगाच फिरवत बसू नका. मेन कॅप चार आहेत, त्यांच्यावर नंबर आणि बाण असतात, बाण पुलीकडे. एकदम न सोडता सगळे थोडे थोडे ढिले करत जा.

काढलेला क्रँक धुऊन उभा ठेवा, आडवा टाकून ठेवू नका. मग मायक्रोमीटर. प्रत्येक जर्नल (मेन बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) आणि पिनचं माप चार वेळा, दोन जागी आणि प्रत्येक जागी दोन काटकोनी दिशांनी. दोन दिशांमधला फरक म्हणजे ओव्हल, दोन जागांमधला फरक म्हणजे टेपर. साहजिक, जिथे दणका बसतो तिथे जास्त झिजतं. ही मापं वहीत लिहा आणि लेथवाल्याकडे जाताना वही घेऊन जा. माझ्या दोन नंबरच्या पिनवर दोन दिशांत ०.०४ मिमीचा फरक होता, बाकीच्या दोन्ही पिना जवळजवळ गोल. व्ही ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलला डायल गेज लावून बाक पण बघून घ्या. तडा बघायला मॅग्नेटिक टेस्ट होत असेल तर करून घ्या, जुने लोक क्रँक टांगून हलका हातोडा मारतात आणि घंटेसारखा टण्ण आवाज येतो का ऐकतात, तेपण करा, फुकट आहे.

११. लेथवाल्याकडे

कोल्हापूरकरांना हे सोपं, उद्यमनगरात एका रस्त्यावर ग्राइंडिंग, बोअरिंग, पार्ट सगळं मिळतं. बाकीच्यांनी आपल्या गावात ट्रॅक्टरवाले आणि ट्रकवाले क्रँक कुठे देतात ते विचारा, त्यांचा लेथवाला सहसा चांगला असतो.

ग्राइंडिंगच्या साइझ बोलताना दहा, वीस, तीस म्हणतात, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले तेवढे भाग, मिमीत ०.२५, मग ०.५० आणि ०.७५. आपल्याला जेवढ्याने पिन गोल होईल तेवढंच पाहिजे. लवकर उरकायला डायरेक्ट वीस मारणारे असतात, म्हणजे पुढच्या वेळची एक साइझ तुमच्या खिशातून गेली. तिन्ही पिना एकाच साइझला करून घ्या. आधी बेअरिंगचा सेट हातात आणा, त्याचं माप लेथवाल्याला दाखवा, मगच क्रँक मशीनवर चढू द्या. मी उलटं केलं, दहा साइझला करून आणला आणि चार दुकानं फिरलो तेव्हा सेट मिळाला.

दोन गोष्टी तोंडाने सांगायच्याच. एक, पिन आणि बाजूची भिंत जिथे मिळते तिथली गोलाई राहिली पाहिजे. तिथे काटकोन केला की क्रँक पुढे कधीतरी तिथूनच तुटतो. दुसरी, ऑइलच्या भोकांच्या कडा हलक्या मारलेल्या असाव्यात. आणि घरी आणल्यावर ऑइलची आतली भोकं स्वतः धुवा, बारीक ब्रश, रॉकेल, मग हवेचा प्रेशर, मग परत. ग्राइंडिंगचा चुरा तिथे अडकून राहतो आणि पहिल्या पाच मिनिटांत नवीन बेअरिंग खातो. मी चौथ्या धुण्यातपण राखाडी पाणी बघितलंय.

१२. जोडणी

बेअरिंगची पाठ आणि ती जिथे बसते ती जागा कोरडी खडखडीत पाहिजे, ऑइल फक्त क्रँकच्या बाजूला. बेअरिंगचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळतंय का ते प्रत्येकाचं बघा. थ्रस्ट वॉशरच्या खाचा क्रँकच्या बाजूला. क्लिअरन्स बघायला प्लॅस्टिगेज मिळालं तर उत्तम, ती मेणासारखी दोरी पिनवर ठेवायची, कॅप टॉर्कने घट्ट करायची, क्रँक न फिरवता परत काढायची आणि चेपलेली रुंदी पट्टीवर मोजायची. मॅन्युअलच्या आकड्यात बसलं पाहिजे, ढोबळमानाने इंचभर व्यासाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०२५ मिमी.

मेन कॅप मधल्यांपासून बाहेरच्यांकडे या क्रमाने घट्ट करा, दोन-तीन टप्प्यांत. प्रत्येक कॅप घट्ट केली की क्रँक हाताने फिरवून बघा. तीन कॅपपर्यंत फिरला आणि चौथीला अडला तर दोष चौथीत, सगळ्या एकदम घट्ट केल्या तर शोधत बसा. मागचं ऑइल सील नवीनच टाका, ते वाचवून नंतर क्लचवर ऑइल आलं तर परत गिअरबॉक्स उतरवायचा. ऑइल पंप उघडून बघा, चेंबरची जाळी धुवा.

१३. पहिला स्टार्ट

प्लग काढून ठेवा, कॉइलच्या प्लसची वायर काढून टेप गुंडाळा, पेट्रोल पंपाची नळी बंद करा, आणि ऑइल भरून थोडा थोडा सेल्फ मारा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. प्लग नसले की बेअरिंगवर लोड नसतो आणि ऑइल सगळीकडे पोचतं. दहा सेकंद मारा, थांबा, सेल्फला दम घेऊ द्या.

मग सहावा मुद्दा पूर्ण परत, बेल्ट काढून लावलाय म्हणजे टायमिंग नव्याने बघायचंच. चालू झाल्यावर गेजवर प्रेशर, खाली गळती, आणि कान. नवीन बेअरिंगवर पहिले काही दिवस तासभर आयडलला ठेवू नका, टॉप गिअरमध्ये कमी वेगाने चढ ओढायला लावू नका, एकाच वेगाने हायवेवर पळवू नका. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि तो फिल्टरपण कापून बघा. माझ्यात थोडी चमकती पावडर होती, तुकडा एकही नव्हता.

जुनी बेअरिंगं मेस्त्रीकडून मागून घ्या. घरी डब्यात ठेवा, साइझ आणि तारीख लिहून, पुढचा कोणी विचारेल तेव्हा क्रँक कितीवर आहे हे चेंबर न उघडता सांगता येतं.